निंबारूळचा केळी-दूध महोत्सव

भुसावळहून येणारी सकाळची एस.टी. निंबारूळच्या स्टँडवर थांबली. माहेरी दोन दिवस राहून आलेली चारुलता पिशवी सावरत खाली उतरली आणि समोर स्वतःलाच पाहून जागच्या जागी थबकली.

ती फ्लेक्सच्या बोर्डावर होती. विजेच्या खांबापासून पानटपरीच्या छपरापर्यंत ताणलेल्या त्या बोर्डावर वर देव, मधे पुढारी आणि खाली गावची केळी विकणाऱ्या फ्रुटसेल सोसायटीचं संचालक मंडळ असा गावाचा नेहमीचा उतरता क्रम होता. उजवीकडची जागा एरवी वाढदिवस असलेल्या माणसासाठी राखीव असते. तिथे ती उभी होती. चेहरा तिचाच, लग्नाच्या अल्बममधून उचललेला, नथीसकट. मानेखालचा भाग मात्र दुसऱ्याच कुण्या बाईचा होता. त्या बाईनं एका हातात केळं आणि दुसऱ्या हातात दुधाचा पेला धरला होता, आणि तिची नखं लालभडक होती. खाली लिहिलं होतं : 'केळी-दूध आरोग्य महोत्सव. वैद्य सौ. चारुलता तेजस चौधरी यांचा सल्ला – रोज रात्री केळी-दूध, शरीर राहील मजबूत!'

'दूध' आणि 'मजबूत' यांचं यमक जुळतं, असं रावेरच्या कुंदन फ्लेक्सवाल्याचं मत होतं. तालुक्यात त्याच्या मताविरुद्ध कोणी जात नाही, कारण सगळ्यांचे फोटो त्याच्याकडे असतात.

"वैनी, फोटो भारी आला बरं," टपरीवाला म्हणाला.

"खाली काय लिहिलंय ते वाचलंस का?"

"वाचतं कोन? लोकं फोटो पाह्यतात."

घराकडे जाताना चारुलताची चाल अशी होती की वाटेत बसलेली म्हैस आपण होऊन उठली.

चारुलता आयुर्वेदाची रीतसर पदवी घेतलेली वैद्य. सोसायटीच्याच इमारतीतल्या एका खोलीत तिचा दवाखाना होता. गावात आजारांची विविधता फारशी नव्हती. कोणाला आंबट ढेकर, कोणाला अंगाला खाज, कोणाचं नाक बारमाही गळतं, कोणाला सकाळी उठल्यावर अंग पोत्यासारखं जड. या सगळ्यांना ती एकच प्रश्न विचारायची, "रात्री झोपताना शिकरण खाता का?" या प्रश्नाला निंबारूळमध्ये 'नाही' असं उत्तर देणं म्हणजे पंढरीत राहून विठोबा ऐकून माहीत आहे म्हणण्यासारखं. मग ती सांगायची, "ते बंद करा. केळी सकाळी खा, दूध वेगळं घ्या. दोन्ही एका वाटीत नको." काही जण ऐकायचे. ज्यांनी ऐकलं त्यांना बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की ते ही गोष्ट कोणाला सांगायचे नाहीत. केळीच्या गावात असं बरं वाटणं शोभत नाही.

आणि आता तिच्याच तोंडी स्टँडवर नेमकं उलटं.

घरी सासरे जीवराम आबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. आबा फ्रुटसेल सोसायटीचे चेअरमन. गेल्या महिन्यात असोद्याच्या एका मळ्यात भरिताची मोठी पंगत झाली आणि पेपरात तिचा रंगीत फोटो आला, तेव्हापासून आबांना नीट झोप नव्हती. असोद्याला वांगं आहे, मग आपल्याकडे काय? आपल्याकडे केळी. तिचं भरीत होत नाही, पण शिकरण होतं. महोत्सवाचा जन्म असा झाला होता.

"आबा, बोर्ड पाहिला."

"पाह्यला ना? मी तेजसले म्हटलं, तिले विचारायचं काहाले? घरचीच तर सून आहे."

"आबा, केळी आणि दूध एकत्र घेऊ नये असं आयुर्वेद सांगतो."

आबा आधी हसले. मग सून हसत नाही हे पाहून थांबले.

"म्हंजे?"

"विरुद्ध आहार म्हणतात त्याला. केळी चांगली, दूधही चांगलं. पण दोन चांगली माणसं एका घरात आली म्हणून पटतंच असं नाही ना? केळी खाताना गोड, पचताना आंबट. दूध थंड. दोन्ही जड. पोटातला अग्नी मंद होतो, अन्न अर्धकच्चं राहतं, आणि ते तसं राहिलेलं अन्न अंगभर त्रास देत फिरतं."

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सासूबाई इंदिराबाईंनी एकदा नवऱ्याकडे, एकदा सुनेकडे पाहिलं आणि दोन चांगल्या माणसांचं उदाहरण पटल्यासारखी मान हलवली.

"माह्या बापानं जन्मभर शिकरण खाल्लं," आबा म्हणाले. "कधी दवाखान्याची पायरी चढला नही."

"तेव्हा गावात दवाखाना कुठे होता?" इंदिराबाई म्हणाल्या.

"तू तुह्या भाकरीकडे पाह्य! अन् सूनबाई, थंडीत अग्नी तेज असतो असं तूच त्या दिवशी म्हनत होती. आता थंडीच आहे ना?"

"चूल पेटली म्हणून तिच्यात ओली लाकडं घालायची नसतात, आबा. मी महोत्सव करू नका म्हणत नाही. फक्त माझं नाव काढा. दवाखान्यात मी रोज जे बंद करायला सांगते तेच बोर्डावर माझ्या नावानं करायला सांगितलंय. उद्या माझ्या औषधाच्या पुडीवर कोण विश्वास ठेवेल? एक तर बोर्ड खोटा, नाहीतर मी."

आबांनी यावर मनापासून विचार केला. "मंग दवाखान्यात जरा कमी सांग," ते म्हणाले.

"आबा!"

"पाह्य, नाव काढलं तर लोक इचारतील काहाले काढलं. मंग म्हनतील, चेअरमनची सून चेअरमनचं ऐकत नही."

"याबाबतीत नाहीच ऐकत."

गावात बातमीला पाय नसतात, मोटरसायकल असते. सकाळी जीवराम आबांच्या सुनेनं केळीला नावं ठेवली होती. दुपारी तिच्या मते केळीनं खाज सुटत होती. चार वाजता केळी विषारी ठरली. संध्याकाळी पारावर असंही कळलं की तिच्यामुळे व्यापाऱ्यांनी भाव पाडला. तो त्यांनी नेहमीप्रमाणे सकाळीच पाडला होता, पण निमित्त मिळालं की गावालाही बरं वाटतं आणि व्यापाऱ्यालाही.

तेजसची बाजू दोन्हीकडे होती. बाप आणि बायको एकाच घरात असलेल्या माणसाला तेवढी सवलत असते. "अगं, सोड ना," तो म्हणाला. "रविवारी स्टेजवर जा, दोन मिनिटं गोड बोल अन् उतर. कोण लक्षात ठेवतंय?"

"माझे वडील आयुष्यभर भुसावळला रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये होते," चारुलता म्हणाली. "लाल सिग्नल दिला की गाडीत कोण बसलंय ते बघायचं नसतं, असं म्हणायचे."

"हो, पण गाडी आबांची आहे."

"मग तर नक्कीच थांबवायला हवी."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात शिष्टमंडळ आलं. पुढे सोसायटीचे उपाध्यक्ष लीलाधर नाना, मागे संचालक अभिमन आप्पा. दोघांनीही इस्त्रीच्या टोप्या घातल्या होत्या, म्हणजे मामला गंभीर होता.

"पोरी," नाना खुर्चीत बसत म्हणाले, "आमी तुह्या शिक्षणाचा मान ठेवतो. तूबी गावाचा ठेव. बोर्ड राहू दे, तू तोंडानं काही बोलू नको."

"नाना, बोर्ड माझ्याच तोंडानं बोलतोय."

"दुधात केळी चालत नसंल," अभिमन आप्पांनी वाट काढली, "तर केळीत दूध म्हनू."

"आणि वेलची घातली तर?" नाना म्हणाले. "वेलची तर तुमच्या शास्त्रातलीच ना?"

"वेलचीनं थोडा फरक पडतो. पण वेलची म्हणजे काही दुरुस्तीपत्रक नाही, नाना. घातली की सगळं माफ, असं नसतं."

नानांनी घसा साफ केला आणि खोलीकडे चौफेर नजर फिरवली. "खोली चांगली आहे. सोसायटीलेबी क्रेट ठेवायले जागा कमी पडू राह्यली म्हना."



"ठेवा की क्रेट," चारुलता म्हणाली. "आमच्या ओट्यावर चटई टाकून बसेन. पेशंट तिथेही येतील. तिथे तर चहा पण मिळेल."

दोघं उठले. टोप्या सावरून बाहेर पडले. आणि मिनिटभरात अभिमन आप्पा एकटेच परत आले.

"चष्मा राह्यला का माहा?"

"डोळ्यावर आहे, आप्पा."

"हा, हा." त्यांनी दार लोटून घेतलं. "आलोच आहे तर पाह्य बरं नाडी. हे हाताले चट्टे येतात. लय खाजवतं, रात्री."

"शिकरण?"

"वाटीभरच. मोठी नही."

ती काही सांगणार तेवढ्यात आप्पा घाईनं उठले, कारण खिडकीतून त्यांना लीलाधर नाना परत येताना दिसले होते. दारात दोघांची गाठ पडली. कोणी कोणाला काही विचारलं नाही. नाना आत आले, खुर्चीत बसले आणि हळूच म्हणाले, "जेवल्यावर घशाशी आंबट पानी येतं. झोपू देत नही. काही चूर्णबिर्ण?"

"रात्रीचं शिकरण बंद करा, नाना."

"महोत्सव होऊ दे," नाना कळवळून म्हणाले. "उपाध्यक्ष आहे मी."

रविवार उजाडला. सोसायटीच्या पटांगणात मांडव, मांडवाच्या दाराला केळीचे खांब आणि दोन्ही बाजूंना पिकलेले घड टांगलेले. मागे मोठमोठ्या पातेल्यांत शिकरण. वेलचीचा वास थेट रस्त्यापर्यंत गेला होता, आणि त्या वासानं गाव ओढलं जात होतं. तत्पूर्वी पाहुण्यांसाठी नाश्ता होता. तो असोद्याचं नाक कापायला म्हणून मुद्दाम भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची पुरी असाच ठेवला होता. पदाधिकाऱ्यांनी तो कर्तव्य म्हणून दोनदा घेतला.

चारुलता आली. गावाला वाटलं होतं ती येणार नाही, आणि आबांना वाटलं होतं की आली म्हणजे नमली. डोक्यावर पदर घेतलेली सून, समोर सगळा गाव, शेजारी सासरा, अशा वेळी कोणती बाई उलटं बोलते? या भरवशावर तिच्यापुढे माईक आला.

"नमस्कार," ती म्हणाली. "बोर्डावर माझ्या नावानं जो सल्ला लिहिलाय तो माझा नाही. माझा सल्ला याच्या उलट आहे. केळी आणि दूध एकत्र घेऊ नका."

मांडव एकदम बोलू लागला. "आमच्या पिढ्यान् पिढ्या खात आल्या!" "आता काय माती खायची का?" "भुसावळवाले लोक, केळी विकत घेऊन खातात, त्याह्यले काय कळतं?" या गोंधळात पहिल्या रांगेतून वच्छलाबाई काठी टेकून उभ्या राहिल्या. गावातली सर्वांत म्हातारी बाई. तिचं वय विचारलं की ती विचारणाऱ्याच्या आजोबांच्या खोड्या सांगायला लागते.

"मी आजून खाते शिकरण! मले काय झालं, सांग!"

"अक्का, तुम्ही खा," चारुलता म्हणाली.

मांडवातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"शास्त्रात तसं सांगितलंय. ज्याला लहानपणापासून सवय आहे, जो बेतानं खातो, अंग मोडेपर्यंत काम करतो, ज्याची भूक खरी आहे, त्याला विरुद्धही पचतं. अक्का आजही पायी मळ्यात जातात, दिवसभर कापूस वेचतात, आणि वाटी केवढी घेतात, अक्का?"

"हे एवढी," वच्छलाबाईंनी तळहाताचा खळगा दाखवला.

"मग आमालेबी सवयच आहे की!" मागून कोणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या. आबांच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

"सवय आहे. काम कुठे आहे?" चारुलता म्हणाली. "पंप मोबाईलवर सुरू होतो. घड कापायला टोळी येते. आपण मळ्यात जातो ते गाडीच्या काचेतून. आणि वाटीचं भगुणं झालंय. बरं, माझं ऐकू नका, तुमच्या पोटाला विचारा. आधीचं खाल्लेलं पचलं की अंग हलकं वाटतं, भूक लागते, आणि ढेकर कोरी येते. कोरी म्हणजे तिला चव नाही, वास नाही. ज्याला आत्ता कोरी ढेकर येईल त्यानं खुशाल शिकरण घ्यावं. मी स्वतः वाढते."

लीलाधर नाना तिच्या शेजारीच उभे होते. सभा हातची चालली हे पाहून त्यांनी माईक आपल्याकडे ओढला. "बंधूंनो आणि भगिनींनो," एवढं ते म्हणाले, आणि पुढचा शब्द येण्याच्या जागी पोटातून दुसरंच काहीतरी वर आलं.

माईक चांगल्या कंपनीचा होता. भोंगे चारी दिशांना लावले होते. ती ढेकर मांडवात घुमली, पटांगणातून बाहेर पडली, मारुतीच्या देवळाला वळसा घालून गावभर फिरली. आणि ती कोरी नव्हती. तिच्यात वांगं होतं, लसूण होता, हिरवी मिरची होती. पहिल्या रांगेतल्यांचं म्हणणं पडलं की शेंगदाणेही होते.

गाव हसलं. आधी बायका, मग पोरं, मग तोंडाला टोपी लावून संचालक मंडळ. अभिमन आप्पा तर हसता हसता हात खाजवत होते.

हशा ओसरला तेव्हा सगळ्यांच्या नजरा आबांकडे वळल्या. उद्घाटनाची चांदीची वाटी त्यांच्यापुढे भरून ठेवली होती. चेअरमननं पहिली वाटी घ्यायची असा कार्यक्रम होता. चारुलतानं त्यांच्याकडे पाहिलं. नाव काढलं नाही तर उद्यापासून दवाखान्यात बसायचं कोणत्या तोंडानं, एवढा एकच विचार तिच्या डोक्यात होता. पण तिनं मान खाली घातली नाही.

आबा उठले. त्यांनी नानांच्या हातून माईक घेतला, जरा पुसला आणि बोलले.

"सूनबाई काय म्हटली, तुमी ऐकलं. मले पटलं नही."

टाळ्या.

"माह्या बापानं खाल्लं, मी खातो, अन् आजबी खाईन. पोट माह्यं आहे. कोनाच्या बापाचं नही."

आणखी टाळ्या. चारुलतानं पदर घट्ट धरला.

"पन नाव माह्यं नही," आबा म्हणाले. "नाव तिचं आहे. शिकली ती, रातंदिवस अभ्यास केला तिनं, अन् मी न इचारता तिचं नाव माह्या केळीले लावलं. माल दुसऱ्याचा अन् शिक्का आपला, असं व्यापाऱ्यानं केलं तर आपन त्याले जोड्यानं मारतो. तेजस, बोर्डाचा तेवढा भाग काप."

आता टाळी वाजवायची की नाही हे कोणालाच कळेना. वच्छलाबाईंनी मात्र वाजवली. त्यांनी ती बोर्डासाठी वाजवली की शिकरणासाठी, हे कोणी विचारलं नाही.

मग आबांनी वाटी उचलली आणि सुनेच्या नजरेला नजर देऊन, उभ्या उभ्या, तळापर्यंत संपवली. चारुलतानंही नजर काढली नाही. तेजस तोवर कात्री घेऊन स्टँडकडे पळाला होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एका कामात बाप आणि बायको दोघांचीही परवानगी होती. भांडणात कोणीच हरलं नाही म्हणून गाव थोडं नाराज झालं, पण शिकरण होतं, तेव्हा समजूत पटली. पातेली रिकामी झाली. फरक एवढाच की या वेळी जो तो वाटी घेण्याआधी जरा बाजूला जाऊन, तोंडापुढे हात धरून, स्वतःच्या ढेकरेचा वास घेताना दिसत होता. ती ज्यांची कोरी नव्हती त्यांनी वाटी लहान घेतली. काहींनी नुसतीच केळी खिशात टाकली.

संध्याकाळी दवाखान्यापुढे रांग लागली. लीलाधर नाना पहिले होते. क्रेटचा विषय त्यांनी काढला नाही. चारुलतानंही काढला नाही. तिनं त्यांना बसायला तीच खुर्ची दिली. एकेक करत बाक रिकामा झाला तेव्हा शेवटी, टोपी कपाळापर्यंत ओढून बसलेला एक माणूस उरला.

"या, आबा."

आबा येऊन बसले. "सकाळची पुरी तेलकट होती," त्यांनी आधीच सांगून टाकलं.

"हो ना."

"शिकरणाचं काही नही."

"मी काही म्हटलं का?"

तिनं नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोटावर बोटांनी टकटक करून पाहिलं. पोट ढोलासारखं वाजलं. दोघांनीही ते ऐकलं नाही असं दाखवलं.

"आज रात्री काही खायचं नाही. सुंठीचं कोमट पाणी थोडं थोडं प्या. सकाळी भूक लागली, खरी लागली, तर मुगाची पातळ खिचडी. घड्याळात नाश्त्याची वेळ झाली म्हणून नाही. आईंना सांगते मी."

"अन् रात्रीचं शिकरण?"

"तुमचं पोट आहे, आबा. सगळ्या गावापुढे सांगितलंत."

आबा खुर्चीत एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर झाले. या उत्तरानं त्यांची फारच अडचण झालेली दिसत होती.

"असं नको," ते शेवटी म्हणाले. "तू एकदा नही म्हन बरं."

"नाही. खायचं नाही."

"हं! आता कसं," आबा म्हणाले आणि त्यांचा चेहरा उजळला. "आता मले मोडायले तरी एक पथ्य झालं. पाहू किती दिवस मोडत नही ते."

आणि सुंठीची पुडी खिशात घालून ते ताठ मानेनं बाहेर पडले.